अर्थ सुटलाय

टेंबलाईवाडीच्या उतारावर मी गाडी लावते
तोंड खाली करून,
म्हणजे सकाळी नाहीच चालू झाली तर
सर्जेराव दूधवाल्याचा एक धक्का पुरतो.
दोन महिने झाले, रोज त्याला किटल्या खाली ठेवाव्या लागतात.
"बाई, द्या की आता हिला मोडीत," म्हणतो
आणि धक्का मात्र मनापासून देतो.

फियाट, सत्त्याऐंशी सालची.
बॅटरी नवी, पावतीसकट. पट्टा नवा.
शाहूपुरीतल्या एकानं अल्टरनेटर खोलून कार्बन घातले,
रेग्युलेटर बदलला, अठराशे घेतले,
आणि हात पुसत म्हणाला, वय झालंय.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.

तरी किल्ली फिरवली की कण्हते,
आणि डॅशबोर्डावरचा लाल दिवा
धड पेटत नाही, धड विझत नाही,
उत्तर येत असूनही
हात अर्धाच वर करणाऱ्या पोरासारखा.

उद्यमनगरात दोन लेथच्या मध्ये
अंग चोरून बसलंय दस्तगीर शिकलगारचं दुकान.
बोर्डावर नुसतंच 'वायरींग', दुसरी वेलांटी.
मी गिळून टाकलं.

स्कूटरच्या मागच्या दिव्याचा बल्ब,
त्याला डाग दिलेल्या दोन वायरी,
एवढंच हत्यार घेऊन तो बॉनेटखाली वाकला.
एक टोक बॅटरीच्या प्लसला, एक बॉडीला:
बल्ब लख्ख.
मग बॉडीवरचं टोक उचलून इंजनाला टेकवलं,
"मारा स्टार्टर."
मारला.
बल्बानं मान टाकली.

बराच वेळ तो काही बोललाच नाही.
शेजारच्या लेथवर कुणीतरी लोखंड सोलत होतं,
निळसर कुरळ्या सालींचा ढीग पडत होता.
मग त्यानं विचारलं,
"चोक वडताना हाताला चटका बसतोय का वो?"

बसतो.
गेले दोन महिने बसतोय.
पण चटका ही काय सांगायची गोष्ट,
म्हणून पदरानं धरून ओढत होते.

"मग झालं तर," तो म्हणाला.
"करंट इंजनात आला, काम केलं,
आता माघारी जायचं कुठनं? वाटच बंद.
म्हणून चोकची तार धरून चोरावानी जातोय.
एवढी बारकी तार, तापंल न्हाई तर काय.
बाई, अर्थ सुटलाय."

अर्थ सुटलाय.
एकतीस वर्षं नववी-दहावीच्या पेपरात
मी एक प्रश्न न चुकता घातला:
खालील ओळींचा अर्थ स्पष्ट करा. गुण चार.
पोरांनी पानं भरली, पुरवण्या जोडल्या,
तो बोल्टाखाली असतो
असं कुणी लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

चौदाचा पाना लावून त्यानं बोल्ट सोडवला.
वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी,
आणि तिच्याखाली, चकचकीत, मोतिया रंग.

भाच्याच्या लग्नासाठी गाडी रंगवून घेतली होती.
पेंटर म्हणत होता, वरनंच मारू, आत कोण बघतंय.
बॉनेटच्या आतसुद्धा, मीच बजावलं,
एक जागा सोडायची नाही.
त्यानं सोडली नाही.

"घासू?" दस्तगीरनं विचारलं,
पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून, थांबून,
जणू माझ्या अक्षरावर खोडरबर फिरवायचा होता.
घासा म्हटलं.

रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं.
पट्टी बसवली, बोल्ट आवळला,
वर व्हॅसलीनचं एक बोट.
किल्ली फिरवली आणि लाल दिवा
पहिल्या झटक्यात विझला.
पैसे विचारले तर म्हणाला, द्या पन्नास,
मी शंभर ठेवले, त्यानं पन्नास परत केले.
निघताना वेलांटीचं सांगावं असं ओठावर आलं होतं.

उद्या सकाळी किटल्या हातात धरूनच
सर्जेराव उभा राहील.
गाडी मात्र मी आजही उतारावरच लावलीय,
तोंड खाली करून.