माझी आत्ताची बायको

टाउन हॉलच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी,
ओबाडाया हॅस्कट अजून मरतो आहे.
सोळाशे एक्क्याण्णव, मार्च. देहानं खचलेला, स्मरणानं शाबूत,
आणि लेखनिकाचा प्रत्येक एस एफसारखा वाकलेला.

"माझ्या आत्ताच्या बायकोला, मेहिटाबेलला,
पूर्वेकडची खोली, चुलीपर्यंतची वाट
आणि विहिरीचं पाणी, ती विधवा राहील तोवर."

त्या 'आत्ताच्या'वर मी आठ महिने घालवले.
आत्ताची म्हटल्यावर आधीची असणारच.
तीन दफनभूमींत गुडघे टेकले,
मऊ ब्रशनं दगडांचं शेवाळ काढलं.
आधीची कुणी नव्हतीच.
"वकिली सावधपणा," विन्स्लो म्हणाला, तोंडात सँडविच,
"ही उद्या गेली, दुसरी आली,
तर तिनं विहीर मागू नये म्हणून."

मग सन-इन-लॉ गर्शम लॅम्सन.
जावई म्हणून त्याला मी एक बायकोही शोधून दिली होती.
पण तेव्हा सावत्र मुलालाही हाच शब्द.
म्हणजे आधीचं कुणी होतं ते मेहिटाबेलचं:
एक नवरा, एक मुलगा,
दोन्ही माझ्या वहीत चुकीच्या पानावर.

कझिन सायलेन्सला पितळी कढई, "ती न्यायला आली तर."
ही कझिन चुलत नाही, मामेही नाही.
पुतणी असेल, नाहीतर भाची.
पुतणी असेल तर हॅस्कट नावानं सापडेल,
भाची असेल तर कुठल्याही नावानं.

शेवटी यादी. दोन शेजाऱ्यांनी शपथेवर केलेली.
लाल गाय, चार पौंड.
पितळी कढई, बारा शिलिंग.
डिना, वय चार, सहा पौंड.

कढईच्या आणि डिनाच्या ओळीत
शाईसुद्धा बदललेली नाही.

सव्वीस वर्षांनी गर्शमचं मृत्युपत्र:
"माझी मुलगी डिना, हिला तिचं स्वातंत्र्य
आणि माझ्या आईचं पिसांचं अंथरूण."
मुलगी.
घरात राबणारी पोर, की पोटची?
मोलकरणीला कुणी आईचं अंथरूण देतं?
आणि पोटच्या पोरीला कुणी
तिचं स्वातंत्र्य *देतं*?

त्यानंतर गावाच्या हिशेबवहीत एकच ओळ:
डिना हॅस्कट, तिच्या शवपेटीला सात शिलिंग,
तिच्या मुलाकडून मिळाले.

लॅम्सन नाही. हॅस्कट.

मी चौतीस वर्षं या गावात टपाल वाटलं,
दर दारावरचं आडनाव हाताखालून गेलेलं.
ओबाडायाला मुलगा नव्हता.
भाऊ होता तो समुद्रात गेला, लग्नाआधीच.
मग आम्ही हॅस्कट आलो कुठून?

विन्स्लोनं किल्ल्या वाजवल्या. पाच वाजले होते.
वहीतला वंशवृक्ष मी वरून खोडत आले,
आजोबा, पणजोबा, सगळे ताठ उभे होते तिथवर,
आणि खाली, कोपऱ्यात, पेन्सिलनं लिहिलं
डिना.
तिच्यापासून माझ्यापर्यंतची रेघ
हलक्या हातानं काढली.
तिच्यावरची अजून नाही.