रकाना सात

विनिपेग. फेब्रुवारी. गाडीतलं बाटलीतलं पाणी
सकाळीच दगड झालेलं.
मी आणि बिस्किट (बीगल, वय वर्षं सहा,
तिच्या नाकावर दोघांचं पोट)
त्या तिमजली घराशी उतरलो.

दार उघडलं रोवीना मागबानुआनं.
रात्रपाळी करून आलेली,
वृद्धाश्रमाचा निळा गणवेश अजून अंगात.
बाही वर सारून हात पुढे केला तिनं,
जशी कुणी पावती दाखवावी.
तीन, मग तीन, मग तीन. ओळीत लाल ठिपके.

"चार पत्रं लिहिली, तारखांसकट.
उत्तर एकच आलं:
तुझ्याच बॅगेतून आले असतील."

बाकीचं ती बोलली नाही. खोली बोलली.
भिंतीपासून हातभर सरकवलेला पलंग,
चार पायांखाली चार वाट्या, वाट्यांत पावडर,
आणि फ्रीझरमध्ये, गोठल्या मटारांशेजारी,
पिशवीत बांधलेली लेकीची बाहुली,
डोळे उघडे.

ओस्टॅप डेमचुक जिन्यात उभा. घर त्याचं. वय ऐंशी.
हातात कराराची प्रत, दुमडून दुमडून कापडासारखी झालेली.
"कलम अकरा वाचा. घर स्वच्छ ठेवणं भाडेकरूवर."
स्वच्छ!
वीस वर्षं हेच ऐकतोय मी.
ढेकणाला घाण लागत नाही हो, माणूस लागतो.
झोपलेला. ऊबदार. भाडं भरलेला किंवा थकलेला.

माझ्या फॉर्मवर सातवा रकाना: उगम कुठला?
पुढे तीन चौकोन.
भाडेकरू. मालक. अज्ञात.
औषधाचे बाराशे डॉलर कुणाच्या खिशातून जायचे
ते सुनावणीत या चौकोनावरून ठरतं,
ज्यात एक ढेकूण
जेमतेम मावेल.

"आधी तळमजला," मी म्हटलं.
"तिथे मी राहतो."
"म्हणूनच."
तो बाजूला झाला, पण लगेच नाही.

बिस्किट भुंकत नाही. सापडलं की बसते.
सोफा हुंगला, पुढे गेली. पडदा, पुढे.
खिडकीपाशी एक हिरवी खुर्ची, हातांवर झिजलेली,
समोर कुणीच न बसलेल्या जागेकडे तोंड केलेली.
तिथे बसली.
उठ म्हटलं तरी उठेना.

"ती मारुस्याची," म्हातारा म्हणाला.
"ऑक्टोबरात आश्रमातून परत आली.
खुर्ची. एकटीच."

मग बराच वेळ कुणी काही नाही.
त्यानं मोजा खाली ओढला,
घोट्यावर तशाच ओळी. तीन, मग तीन.
"मला वाटलं, वयाची खाज."

रोवीना वाकली. खुर्चीच्या पायाला
पांढरी पट्टी होती चिकटवलेली, खोलीचा नंबर.
तिनं ती वाचली.
स्वतःच्या निळ्या बाहीकडे पाहिलं.
बाही खाली केली, मनगटापर्यंत.
मी काही विचारलं नाही. माझ्या कामात
विचारायचे प्रश्न छापलेले असतात.

जाड प्लास्टिकात गुंडाळून खुर्ची आम्ही तिघांनी
मागच्या अंगणात नेली. उणे एकतीस.
बर्फात ती ताठ बसली, कुंपणाकडे बघत.
"किती दिवस?"
"चार तरी."
"तिला थंडी सोसत नसे," तो म्हणाला,
आणि करार, इतका वेळ हातातच राहिलेला,
कोटाच्या आत कोंबला.

रोवीना घरात वळली. "एक ब्लँकेट आणते."
मीच अडवलं तिला.
ऊब दिली, तर जगतील.

फॉर्म अजून गाडीत आहे, डॅशबोर्डवर.
सहा रकाने भरलेले.
पेन चालत नाही म्हणून ऑफिसात सांगितलंय.
या थंडीत शाई गोठते, हे
तिथे सगळ्यांना माहीत आहे.