एक बोट जास्त

मी माणसांना खुर्चीच्या खालून ओळखतो.
वरून सगळेच नीट बसलेले असतात.
उलटी केली की कळतं
कोण पाय हलवतं, कोण एकाच कुशीला रेलतं,
कुणाच्या पोरानं च्युइंगम कुठं डकवलाय.

शाहूपुरीत माझं दुकान. वेत, सुतळी, दाभण,
आणि पाण्यानं भरलेली एक परात,
कारण वेत भिजल्याशिवाय ऐकत नाही.
चाळीस वर्षांत किती बैठका विणल्या, मोजलं नाही.
पण बाईंची खुर्ची
अंधारातसुद्धा हाताला कळते.

बाई म्हणजे सुनीती उचगावकर.
मुंबईला शिकून आल्या आणि उद्यमनगरात,
दोन ओतशाळांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये
रंधा लावून बसल्या. लोक म्हणाले,
खुर्ची करायला कागद कशाला लागतोय?

तेव्हा खुर्ची म्हणजे उंच, कोरीव,
वाघाच्या पंजाची, मामलेदारासाठी पुसून ठेवलेली.
तिच्यावर पाहुणा बसायचा
आणि सगळं घर उभं राहायचं.

बाईंनी पंजे काढले. वेलबुट्टी काढली.
बैठक बुटकी केली आणि रुंद,
इतकी, की बाजार करून आलेल्या काकूला
वर मांडी घालता यावी.
हातावर बशी मावेल एवढी फळी.
वेत महागला त्या वर्षी चप्पल लाइनीत जाऊन
कातड्याच्या वेण्या घेऊन आल्या.
पायाखालचं कातडं बुडाखाली घेताय व्हय,
म्हणून हसले लोक.
मग बसले.
मग उठेनात.

लक्ष्मीपुरीतल्या डॉक्टरांकडं बारा गेल्या,
पतसंस्थेत सहा, तालमीच्या हापिसात दोन
(त्यांचे पाय मात्र जाड करून घेतले).
आणि हळूहळू घरं बदलली.
टीपॉय खाली आला. खिडकीचा कट्टा खाली आला.
छताला टेकून लटकलेले आजे-पणजे
खिळ्यासकट उतरले,
बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर देऊ लागले.
गवंड्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
बाईंचं नाव तर निम्म्यांना ठाऊकही नव्हतं.

परवा हायवेच्या शोरूममध्ये
एक तरणा डिझायनर मला स्क्रीनवर
खुर्ची गरगर फिरवून दाखवत होता.
परदेशी लाइन आहे काका, एकदम क्लीन.
मी खऱ्या खुर्चीच्या पाठीवर तळवा ठेवला.
काही बोललो नाही.
कल ओळखीचा होता.

श्रावणात बाईंनी सागरमाळावर बोलावलं.
एक्याण्णव वर्षं. हातात काठी, बोटाला अजून पेन्सिलीचा घट्टा.
त्यांची स्वतःची खुर्ची, पहिल्या घाणीतली,
मी उलटी केली, बैठक सोडवायला घेतली.
बाई म्हणाल्या, पाठ बघ. दिसतंय?
म्हटलं, काय बाई?
एक बोट जास्त कललीय.

मी बघत राहिलो.

तेव्हाच दिसलं होतं मला, म्हणाल्या,
पण बारा जोड कापून झाले होते,
सागवान उधारीचं. म्हटलं, पुढच्या खेपेला सुधारू.
पुढच्या खेपेला लोक म्हणाले, अगदी तश्शीच द्या.

माझ्या डोळ्यासमोरून डॉक्टरांचे पेशंट गेले,
पतसंस्थेचे संचालक, मांडी घातलेल्या काकू,
शोरूममधला तो पोरगा,
सगळे ठरल्यापेक्षा एक बोट मागं रेललेले,
साठ वर्षं, निवांत,
एका चुकीच्या भरवशावर.

येईल का रे दुरुस्त करता? बाईंनी विचारलं.
थट्टेनं की खरंच, कळलं नाही.
म्हटलं, वेत तेवढा बदलून देतो.

वेत भिजायला अजून अर्धा तास होता.
बाईंनी दुसरी खुर्ची काठीनं पुढं ढकलली.
बस, म्हणाल्या.
त्यांच्यासमोर, त्यांच्याच खुर्चीत,
आधी ताठ बसलो मी.
मग नाही राहवलं.