अर्धी पट्टी

अमळनेरात, बसस्टँडमागच्या गल्लीत
सतरा वर्षं मी औषधांच्या काउंटरला उभा.
कात्री दोऱ्यानं बांधलेली आहे,
तरी दोनदा चोरीला गेली.

दहाची अख्खी पट्टी मागणारा माणूस
रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं मागतो.
पाच मागणारा
आधी मागे वळून पाहतो.
तीन मागणारा उन्हाबद्दल बोलतो:
भुसावळला सेहेचाळीस झालं म्हणे, भाऊ?
म्हणे, म्हणतो मी, आणि कापतो.

कापायचं एक वळण आहे.
मुदतीची तारीख छापलेला तुकडा दुकानात ठेवायचा.
म्हणजे नेणाऱ्याच्या हातात
कधी संपणार, ते लिहिलेलं नसतं.
मालकानं हे पहिल्याच दिवशी शिकवलं,
चहा पाजून.

केवळबाईची भिशी बुडाली.
बावीस बाया, महिना पाचशे.
पेटी जिच्याकडे, ती एका रात्री सुरतच्या गाडीत बसली.
बाया जमवल्या होत्या केवळबाईनं,
म्हणून त्या केवळबाईच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या.
भांडत नव्हत्या.
नुसत्या बसायच्या, शेंगा फोडत,
टरफलं तिथेच टाकून उठायच्या.
तेव्हापासून तिचं वरचं एकशे सत्तर.
“रातले दोन वाजता डोया उघडी जातस, भाऊ,
मंग पत्रा मोजत ऱ्हास.”
पत्र्यात काय मोजायचं?
“भोकं.”

लोटन सर विज्ञान शिकवतात,
बारा वर्षं, अनुदान येणार असलेल्या शाळेत.
फळ्यावर हृदय काढावं तर त्यांनीच,
डावी बाजू लाल, उजवी निळी,
झडपासुद्धा.
घरी दाढीच्या ब्लेडनं
प्रेशरची गोळी दोन करतात,
भुगा जिभेनं टिपतात.
सर, साखर तपासून घ्या एकदा, मी म्हणालो.
“तपासली तर निघेल ना,”
आणि सुट्टे मोजले,
दोनदा.

मला तसं काही होत नाही.
जबडा दुखतो, एवढंच.
दातांचा डॉक्टर म्हणाला, रात्रभर काय चावता?
बायको म्हणते, दोनच्या सुमाराला
तुमची डाळमिल सुरू होते,
मी कूस बदलते, पण ती बंद होत नाही.
पोरगी नाशिकला, होस्टेलची फी दर सहा महिन्यांनी.
मैत्रिणींना सांगते,
पप्पा मेडिकल लाइनमध्ये आहेत.
खोटं नाही.

परवा केवळबाई आली. काही घेतलं नाही.
यंत्र लाव म्हणाली.
एकशे बेचाळीस.
पट्टा सोडून पुन्हा बांधला. तेच.
काय खाल्लं, काय केलं, कोणाकडे गेलीस?
“कोकिळानी सांगं,
मना पैसा ऱ्हाऊ दे, व्हतीन तवय दे.”
एकीनं. वीसातल्या एकीनं.
त्या रात्री पाच तास झोपली म्हणे,
दूधवाला दार वाजवून परत गेला.
बाकीच्या ओट्यावर आहेतच अजून.
पत्र्याला भोकंही तेवढीच.
तरी एकशे बेचाळीस.
मी ते उगाच एका जुन्या बिलामागे लिहून ठेवलं.

रात्री शटर अर्धं ओढून
उरलेले तुकडे मिठाईच्या खोक्यात लावतो,
सगळ्यांवर तारीख.
काल त्यातल्याच एकाच्या दोन गोळ्या कापल्या,
झोपेच्या नव्हेत, पित्ताच्या,
माझ्यासाठी.
उधारीच्या वहीत माझं नाव घालायचं की नाही
यावर बराच वेळ उभा राहिलो.
मग घातलं. सहा रुपये.

घालण्याआधी
मागे वळून पाहिलं होतं.
मागे कपाट होतं.