अलीकडे, पलीकडे

केमी बंदरात तीनलाच अंधार.
हिल्का शाळेतून येते, बूट न काढताच
लॅपटॉप उघडते:
एक बोट, बर्फाच्या सात लाद्या.

आधी तिनं बोटीलाच सांगून ठेवलं होतं,
आपटलीस तर थांब.
लादीलाही, आपटलीस तर फूट.
दोघींनी एकाच धडकेचे दोन हिशेब दिले
आणि बोट अर्धी रुतून
रात्रभर थरथरत राहिली.

आता बोटीला आपली जागा ठाऊक, आपला वेग.
लादीला तिचा.
आधी सगळ्या हलतात, मग कुणी तिसराच
चौकोनावर चौकोन चढलाय का ते बघतो,
मग चित्र. सेकंदाला साठदा.
धडक कुणा एकीच्या घरची नसतेच.

एक चिमुकली लादी मात्र अशी सुसाट सुटते
की या चित्रात बोटीच्या अलीकडे,
पुढच्यात पलीकडे.
मध्ये काय झालं, नोंद नाही.

खाली आई आणि रेइयो बशा मांडताहेत,
एकमेकांना वळसा घालून, न बोलता.
हिल्का जिन्यात थांबते.
काल रात्री ती झोपली होती.

मग वर जाऊन
लादीच्या एका पावलाची चार करते,
मधलं दिसावं म्हणून.