मागचा भांग

रविवारी दुपारी लाइट गेली, कूलर थांबला,
आणि वरच्या खोलीतून सोमी खाली आली.
खांद्यावर टॉवेल, हातात शेपटीची फणी.
"काकू, मागचं मला दिसत नाही."

खरं नाव चिसोमो. मलावीची.
फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
नारी रोडवर पहिल्या महिन्यात लोकांनी
विचारलं, केस खरे आहेत का,
काहींनी न विचारताच हात लावून पाहिला.
मीही. खोटं कशाला बोलू.

सकाळी तिच्या गॅसवर जवस उकळत होतं.
मला वाटलं, पोट्टी चटणी शिकली.
तर ते गाळून, गार करून,
अंड्याच्या पांढऱ्यासारखं ते पाणी केसांना.
"तुमच्याकडे हेच लावतात?"
"तिकडे आई लावते ते. इथे जवस मिळतं."

समोरच्या खोलीत बारा वर्षं माझं पार्लर.
बोर्डावर स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, नवरी मेकअप.
इंदोऱ्यापासून जरीपटक्यापर्यंतचे कुरळे
मी पट्टीत धरून सरळ केलेत.
क्लासच्या मॅडम एक फोटो दाखवायच्या,
बांटू नॉट म्हणायच्या, आणि पान उलटायच्या.
आमच्याकडे गाठ म्हणजे लग्नाची,
होळीला साखरेची,
नाहीतर डॉक्टरने हळू आवाजात सांगितलेली.

सोमी पाटावर बसली, मी खुर्चीवर.
"आधी चौकोन पाडा."
चौकोन मला येतात. आमचे हे नासुप्रमध्ये मोजणीला,
घरभर लेआउटचे नकाशे.
रस्ता सोडायचा, मग प्लॉट, मग रस्ता.
फणीच्या शेपटीने टाळूवर रस्ते काढत गेले,
मागे सात, कानांमागे दोन-दोन.
एक प्लॉट वाकडा गेला.
"राहू द्या. माझ्या मावशीचाही तिथंच जायचा."

बट धरायची, पीळ द्यायचा,
इतका की ती आपणहून वळायला लागते,
मग तिच्याच बुडाभोवती तिलाच गुंडाळायची,
टोक खाली खोचायचं.
रबर नाही, पिन नाही.
मी तरी पिन चाचपत राहिले.
पहिली सुटली. दुसरी सुटली.
"काकू, घाबरता काहून? दुखत नाही."
काहून म्हणाली ती. आमचंच.
तिसरी बसली. सुपारीएवढी, घट्ट.

पाली दारात उभी होती, किती वेळची कोण जाणे.
आम्रपाली, चौदाची, केस माझ्या माहेरचे.
तिसरीत कुणीतरी मॅगी म्हणालं,
तेव्हापासून एक रविवार आड
मी तिला पार्लरच्या खुर्चीवर बसवते.
कानामागे डाग आहे, तांदळाच्या दाण्याएवढा.
ती त्याबद्दल बोलत नाही.
मी त्यावर केस आणून ठेवते.

आजचा रविवार तिचा होता.
"येईल लाइट संध्याकाळपर्यंत," मी म्हणाले.
कुणी विचारलं नव्हतं.

ती येऊन पाटाशेजारी फरशीवर टेकली.
वाटीतल्या जवसात बोट बुडवलं, ताणून पाहिलं.
"माझ्या होतील?"
सोमी मान न हलवता म्हणाली,
"होतील. तुझे मऊ आहेत, सकाळी सुटतील."
"सुटल्यावर?"
"सुटल्यावर तुझेच. जास्त तुझे."

दहावी गाठ वळत होते तेव्हा लाइट आली.
कूलर धडधडला, भिजक्या गवताचा वास सुटला,
आणि पार्लरमध्ये पट्टीचा लाल दिवा लागला.
सकाळी मीच बटण दाबून ठेवलं होतं.

पालीने दिव्याकडे पाहिलं. मग उठली,
नेहमीसारखी, टॉवेल घ्यायला.

माझ्या दोन्ही हातांत सोमीची बट होती,
पीळ भरत आलेला, सोडला असता तर उलगडला असता.

"पाली," मी म्हणाले, "ते बटण बंद कर.
आणि दुसरा पाट आण."

"कुठाय दुसरा?"

"तांदळाच्या पिंपाखाली. ओढ जोरात."