हजारी

टचपॅड झोपेतून उठत नव्हता, एवढंच निमित्त.
नव्या पेठेतून बारा हजारांत आणलेला जुना लॅपटॉप,
झाकण मिटून पुन्हा उघडलं
की बोट कितीही फिरवा, बाण जागचा हलेना.
दुकानदार म्हणाला, माऊस लावा.
मी म्हटलं, आत बघते.

आत म्हणजे खूप आत.
जिथं चित्रं नाहीत, बटणं नाहीत,
नुसत्या ओळी, लाखो, कुणाकुणाच्या,
आणि कुठंच कुलूप नाही.
हे पटायलाच मला आठवडा गेला.
कुंभारीच्या आमच्या घरकुलात
वाचनालयाचं कपाटसुद्धा किल्ली मागतं.

पहिला कर्नल बांधायला चार तास अकरा मिनिटं.
मे महिना, स्लॅब तापलेला,
लॅपटॉप स्टीलच्या ताटावर, ताटाखाली ओलं फडकं,
आईच्या तेंदूपानांवरून उचललेलं.
परत दे हां, ती म्हणाली, पानं वाळली की मोडतात.
पहिला उठलाच नाही. काळा पडदा.
दुसरा अर्धा उठला आणि तिथंच बसला.
तिसऱ्या वेळी मला कळलं,
मी चुकीचीच फाईल दुरुस्त करत होते.

सापडलं ते असं:
ड्रायव्हर चिपला विचारतो, जागा झालास का?
चिप म्हणते, नाही.
आणि ड्रायव्हर ते न ऐकताच पुढं जातो.
नऊ वर्षं त्या ओळीला कुणी हात लावला नव्हता.
नऊ वर्षं ती चिप नाही म्हणत होती.

ठिगळ दोन ओळींचं.
उत्तर ऐक. नाही म्हणाली तर थांब, पुन्हा विचार.
ते एका संध्याकाळी झालं.
सोबतचा मजकूर लिहायला तीन दिवस.
काय केलं ते नको, का केलं ते सांग.
आणि खाली सही: हे माझं आहे,
हे देण्याचा हक्क मला आहे.
खरं नाव लिहा, असा नियम.
रेशनकार्डावर दुडम, आईच्या बिडीकार्डावर दूदम,
डिप्लोमाच्या कागदावर धुडम.
खरं कुठलं, यावर अर्धी रात्र गेली.

पाठवलं. परत आलं.
मेलनं माझे टॅब मोडून रिकाम्या जागा केल्या होत्या.
पाठवलं. परत आलं.
ओळ लांब.
पाठवलं. कुठल्याशा थंड गावचा एस्किल लिहितो:
वीस मिलिसेकंदच का? मोजलेत?

मोजले नव्हते.
मला वाटलं, या माणसाला मी ओळखते. हा चेकर.
कारखान्यात आईचा कट्टा हातात घेतो,
अंगठ्यानं दाबतो, म्हणतो, छाट.
का, ते सांगत नाही.
छाटलेल्या बिड्याही स्वतःकडंच ठेवतो.
दोन दिवस मी तो मेल उघडलाच नाही.
मग उघडला, आणि शेवटपर्यंत वाचला.
अकरा ओळी लिहिल्या होत्या त्यानं,
नुसतं 'का' समजावून सांगायला.

मग झाकण मिट, उघड. मिट, उघड.
पन्नास वेळा. मोजायला आई,
सुपावरची नजर न काढता, तेलुगूत.
चिप बहुतेकदा सतराला उठली,
एकदाच तेवीसला.
म्हणजे माझे वीसही चुकलेच होते.
तीस लिहिले, आकडे जोडले, पाठवलं.

चौथ्या खेपेला एकच शब्द आला:
घेतला.

आईला सांगितलं.
तिनं दोऱ्याचा वेढा आवळला, तोंड मोडलं,
मग विचारलं, वेय्यिकी एंत?
हजारी किती?
काही नाही, म्हटलं. हजारी नसते यात.
ती थोडा वेळ गप्प.
नाव तरी लागतं?
लागतं.
कुठलं, दुडम का दूदम?
रेशनवरचं.
बरं केलंस, ती म्हणाली.
आता ते फडकं दे. पानं वाळतायत.